पुस्तकातून परदेश

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मला सभेत बोलण्याची सवय नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचता ना काकू? मग जे वाचता तेच सांगा." आता मी वाचते ते काय, तर दुसऱ्या देशांच्या हकीकती. आणि स्वतः हिंडले किती म्हणाल, तर आळंदी, जेजुरी, पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा भाचीच्या लग्नासाठी मुंबई. एवढा प्रवास केलेल्या बाईने परदेशावर बोलायला उभे राहावे, याचे तुम्हांला हसू येईल. मलाही येते. परंतु ज्याला घर सोडून जाता येत नाही त्याच्यासाठीच तर पुस्तके असतात. जो विमानाने जातो त्याचे पुस्तकावाचून अडत नाही.

आपल्या मंडळाचे पुस्तकांचे कपाट कसे आले हे जुन्या सभासदांना ठाऊक आहेच. नव्या सुनांसाठी सांगते. पुण्याच्या एका वाचनालयाने जुन्या, फाटक्या प्रती काढून टाकल्या होत्या. आपल्या एका सभासद बाईंच्या भावाने त्या दोन पोत्यांत भरून टेम्पोतून इकडे आणल्या. भिशीच्या उरलेल्या पैशातून लोखंडी कपाट घेतले. पहिल्या दिवशी सगळ्याजणी पाककृतीच्या आणि व्रतकथांच्या पुस्तकांवर तुटून पडल्या. मी मागे राहिले, म्हणून जे उरले ते माझ्या वाट्याला आले. त्यात एक जाडसर पुस्तक होते. त्याचे नाव होते 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. नाव वाचूनच जीव दमला. पण लेखिकेचे नाव पाहिले आणि मी तिथेच खाली बसले. नाव होते पंडिता रमाबाई.

बहिणींनो, मी या गावात लग्न होऊन आले त्याला आता पन्नास वर्षे होत आली. तेव्हापासून केडगावला माझे किती वेळा जाणे झाले असेल याची मोजदाद नाही. बाजाराला गेले, दवाखान्यात गेले, लेकरांची दप्तरे आणायला गेले. खुटबावचे स्टेशन सोडले की पुढचे स्टेशन केडगाव. तिथले मुक्ती मिशन कुणाला ठाऊक नाही? पण ते ज्यांनी उभारले त्या बाई कोण होत्या, हे मला ठाऊक नव्हते. 'कुणी तरी परदेशी मडम असेल' असेच मी समजत होते. त्या बाई मराठी होत्या, संस्कृतच्या पंडिता होत्या, अमेरिकेत जवळजवळ पावणेतीन वर्षे राहून आल्या होत्या आणि परत येऊन त्यांनी अमेरिकेवर मराठीत एवढे मोठे पुस्तक लिहिले होते, हे मला साठीला टेकल्यावर त्या पोत्यातल्या पुस्तकाने सांगितले. दुसरा देश तर दूरच राहिला; मला माझ्या पुढच्या स्टेशनाचीही ओळख नव्हती.

मला वाचायची आवड माहेराहून होती. सासरी आल्यावर ती मिटली. आमच्या आत्याबाई मनाने वाईट नव्हत्या, पण हातात कागद दिसला की म्हणायच्या, "त्या बुकातनं काय भाकरी भाजून मिळती व्हय गं?" मी गप्प बसे. त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता येत नव्हते. आज त्या नाहीत. आजचे हे भाषण म्हणजे त्यांनाच उशिरा दिलेले उत्तर समजा.

आधी रमाबाईंची हकीकत थोडक्यात सांगते. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. बाईमाणसाला संस्कृत शिकवतो म्हणून लोकांचा विरोध झाला, तेव्हा ते घरदार सोडून कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे आईने रमाबाईंना पहाटे मांडीशी घेऊन शिकवले. दिवसभर कामे असत, म्हणून शिकवायची वेळ दिवस उगवण्याआधीची. पुढे आईवडील दुष्काळात गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देशभर हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. लग्न झाले, मुलगी झाली आणि दोन वर्षांत पती वारले. १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणा ना. दुसऱ्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून आपल्याकडे फार वादळ उठले. आमचे घर माळकरी. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला आली की आमच्या घरातून भाकऱ्यांची पाटी जाते. त्यांचा धर्म त्यांच्यापाशी, आपला आपल्यापाशी. पण धर्म निराळा म्हणून ज्ञानही निराळे मानायचे असेल, तर कपाटातली निम्मी पुस्तके बाहेर काढावी लागतील.

१८८६ मध्ये त्या लिव्हरपूलहून आगबोटीने फिलाडेल्फियाला पोचल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांना तिथे डॉक्टरची पदवी मिळायची होती, त्या समारंभासाठी. मग त्या तिथेच राहिल्या आणि त्यांनी तो देश पालथा घातला. त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये मुंबईला छापून निघाले. मी ते वाचायला घेतले तेव्हा मला वाटले होते की उंच इमारती, आगगाड्या, बर्फ अशा नवलाच्या गोष्टी असतील. आहेत. पण त्यापेक्षा जास्त दुसरेच आहे. तिथला कारभार कोण चालवतो, पैसा कोण गोळा करतो, शाळेत मुली किती शिकतात, बायका कोणकोणती कामे करतात, त्यांना मजुरी पुरुषांपेक्षा कमी का मिळते, हे सगळे त्यांनी एखाद्या चोख गृहिणीने घराचा जमाखर्च मांडावा तसे मांडले आहे.

तिथल्या बायकांच्या दारूबंदी संघटनेबद्दल त्यांनी फार आस्थेने लिहिले आहे. ही संघटना १८७४ मध्ये निघाली. त्याआधीच्या हिवाळ्यात ओहायो नावाच्या प्रांतात बायका दारूच्या गुत्त्यांसमोर थंडीवाऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करीत बसत आणि गुत्तेवाल्याला दुकान बंद करायला विनवीत. हे वाचून माझ्या डोळ्यांपुढे काय आले असेल? आपल्या महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बाया आल्या, ज्यांनी 'आडव्या बाटली'ला मत देऊन गावातली दुकाने बंद केली. समुद्रापलीकडच्या बाईचे आणि आपले दुखणे एकच. नवऱ्याच्या दारूने पोराबाळांची ताटे रिकामी राहतात, हे इंग्रजीत काय आणि मराठीत काय, सारखेच.

पण मला सर्वांत पटले ते हे, की रमाबाईंनी अमेरिकेची नुसती आरती ओवाळली नाही. त्या देशाचे त्यांच्यावर उपकार होते. बोस्टन शहरात त्यांच्या कामासाठी मंडळ निघाले होते आणि पुष्कळ माणसांनी दहा वर्षे थोडी थोडी वर्गणी देण्याचे कबूल केले होते. तरीसुद्धा तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्याच जमिनींवरून कसे हुसकावले, काळ्या माणसांना गुलाम करून कसे राबवले आणि गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपल्यावरही त्यांना कसे तुच्छ लेखले जात होते, हे त्यांनी लिहिले. जिथले मीठ खाल्ले तिथलेही खोटे झाकले नाही. दुसऱ्याचा देश कसा पाहावा हे मी यातून शिकले. चांगले दिसले तर घ्यावे. वाईट दिसले तर लपवू नये. आणि दोन्ही पाहून झाले की मग आपल्या अंगणाकडे वळावे.

रमाबाई अंगणाकडे वळल्या त्या अशा. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईला विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. मग केडगावला जमीन घेतली. तेव्हा तो निव्वळ माळ होता. विहिरी पाडल्या, झाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मरणाऱ्या मुली त्यांनी गोळा करून आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. दीड हजारांहून अधिक बायका-मुली तिथे राहत होत्या. बालवाडीची पद्धत त्या अमेरिकेत शिकून आल्या होत्या, ती त्यांनी इथे चालवली. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, आणि छापखाना, सगळे बायकांच्या हाती. छापखान्यात टाइप जुळवणाऱ्या बायका म्हणजे त्या काळी केवढी अपूर्वाई! १९२२ मध्ये रमाबाई केडगावलाच वारल्या. परदेशात पाहिलेले त्यांनी आपल्या मातीत असे रुजवले. आत्याबाईंच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर: त्या बुकातून दीड हजारजणींची भाकर भाजली गेली.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला जड जाते. पण ती सोडून दिली तर बाकीच्या बोलण्याला अर्थ नाही.

माझी थोरली लेक १९९५ मध्ये दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला पुढे शिकायचे होते. त्यासाठी दौंडला जावे लागणार होते. घरात बोलणे निघाले. पोरगी रोज गाडीने एकटी जाणार, गाडी उशिरा आली तर दिवेलागण होणार, लोक काय म्हणतील. तिचे वडील म्हणाले, "तूच काय ते ठरव." म्हणजे निर्णय माझ्यावर होता. आणि मी नाही म्हटले. मी तिची आई, मीच म्हटले. दोन दिवस ती जेवली नाही. पुढे तीन वर्षांत तिचे लग्न झाले. संसार चांगला आहे, जावई भले आहेत, तक्रार काही नाही.

रमाबाईंच्या पुस्तकानंतर मी आनंदीबाई जोशींबद्दल वाचले. काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र त्याच १८८९ मध्ये लिहिले. काशीबाई स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या आणि अमेरिका त्यांनी पाहिलीही नव्हती. घरी राहून, पत्रे जमवून त्यांनी ते लिहिले. त्यात आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या ती तारीख आहे, ७ एप्रिल १८८३. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. मी बोटांवर हिशेब केला. त्यांना अठरावे पुरे होऊन सात दिवस झाले होते. माझ्या थोरलीचे लग्न झाले त्याच वयाची ती पोर. ती घरचे कुणी सोबत नसताना सात समुद्र ओलांडून गेली, कारण तान्हे लेकरू दहा दिवसांचे होऊन गेले होते आणि बायकांना बाई डॉक्टर मिळत नाही याची आच तिला लागली होती. आणि खुटबावपासून दौंड किती लांब? केडगाव, कडेठाण, पाटस, दौंड. चार स्टेशने. त्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पोरीला सात समुद्र ओलांडता आले आणि माझ्या लेकीला मी चार स्टेशने ओलांडू दिली नाहीत.

पुस्तक मिटून मी रात्रभर जागी होते. पुढे दिवाळीला लेक आली तेव्हा तिला हे सांगितले. मला वाटले होते ती रागावेल, निदान रडेल. ती भांडी घासत होती. ती म्हणाली, "आई, तुला तरी तेव्हा हे कुणी सांगितलं होतं?" बस, एवढेच. बहिणींनो, माझ्या मनात आजही तेच आहे. मला कुणी सांगितले नव्हते. केडगावच्या बाजारात मी वांगी घेत उभी होते आणि सांगणारे पुस्तक कुठल्या तरी कपाटात बंद होते. आनंदीबाई पदवी घेऊन आल्या आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्याला वारल्या. त्यांच्या हातून एकाही बाईला औषध मिळायला अवधी झाला नाही. पण त्यांची हकीकत ज्या ज्या घरात वाचली गेली, तिथल्या कितीतरी मुलींना तिने वाट दाखवली असेल. माझ्या घरात ती वीस वर्षे उशिरा पोचली. तुमच्या घरात ती वेळेवर पोचावी, एवढ्यासाठी मी आज उभी आहे.

कुणी म्हणेल, या सगळ्या विलायतेला जाऊन आलेल्यांच्या गोष्टी. नुसते वाचून काय होते? तर नुसत्या वाचण्याने काय झाले त्याचीही एक हकीकत ऐका. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९१५ मध्ये बनारसहून टपालाने एक छोटी पुस्तिका आली. जपानमध्ये टोकियो शहरात १९०१ मध्ये बायकांसाठी स्वतंत्र विद्यापीठ निघाले होते, त्याची माहिती तीत होती. अण्णा कामात होते. त्यांनी ती चाळली आणि बाजूला ठेवून दिली. पुढे मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांना भाषण करायचे होते, तेव्हा त्यांना तिची आठवण झाली. त्यांनी ती काढून नीट वाचली, आणि जपानला जमते ते आपल्याला का जमू नये, हा विचार त्यांनी त्या भाषणात मांडला. १९१६ मध्ये पुण्याला स्त्रियांचे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा कॉलेजात विद्यार्थिनी होत्या अवघ्या चार-पाच. पुढे नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने जे विद्यापीठ प्रसिद्ध झाले ते हेच. अण्णा जपानला तोवर गेले नव्हते. जपान त्यांच्याकडे टपालाने आला. एक पुस्तिका कागदांच्या ढिगातून वर निघाली म्हणून विद्यापीठ झाले, आणि ती खालीच राहिली असती तर? माझ्या मनात नेहमी हेच येते.

रमाबाई आणि अण्णा यांचा जन्म एकाच वर्षाचा, एकाच एप्रिल महिन्यातला. रमाबाईंच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी गोदूबाई, त्याच पुढे अण्णांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या, तरुणपणी विधवा झालेल्या. त्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या आणि १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. 'माझी कहाणी' या १९२८ च्या पुस्तकात त्यांनी ते सगळे लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी ज्या म्हणतात, "आता या वयात काय शिकायचं", त्यांनी ते पुस्तक जरूर पाहावे.

आता थोडे शेताकडे वळू. आपल्याकडे कालव्याचे पाणी आले आणि ऊस आला. उसामागे खोडवा, खोडव्यामागे पुन्हा ऊस. जमीन दमते हे आपण बायकाच आधी ओळखतो, कारण खुरपे आपल्या हातात असते. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ चे पुस्तक तुमच्यापैकी काहीजणींच्या मुलांनी शाळेत ऐकले असेल. जॉर्ज कार्व्हर हा अमेरिकेतल्या गुलाम बाईचा मुलगा. अतोनात कष्टाने शिकून शेतीचा मोठा शास्त्रज्ञ झाला आणि १८९६ मध्ये अलाबामा प्रांतातल्या टस्कीगी इथल्या काळ्या मुलांच्या संस्थेत शिकवायला गेला. तिथली जमीन वर्षानुवर्षे कापूस घेऊन घेऊन निकस झाली होती. त्याने शेतकऱ्यांना सांगितले, कापसाच्या जागी आलटून पालटून भुईमूग घ्या, चवळी घ्या. शेंगावर्गीय पिकांच्या मुळ्यांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात. हे वाचून मी घरात म्हटले, "अहो, हा तर आपला हरभऱ्याचा बेवड!" आपल्या थोरल्यांना जे अनुभवाने ठाऊक होते, तेच त्या देशात एका गुलामाच्या पोराने प्रयोग करून दाखवले. १९०६ पासून संस्थेची एक गाडी जनावरे जुंपून गावोगाव फिरू लागली. शेतकऱ्याने शाळेत यायचे नाही, शाळेनेच शेतकऱ्याकडे जायचे! आमच्या घरी पुढल्या हंगामात दहा गुंठे का होईना, खोडवा मोडून हरभरा केला. आत्याबाईंच्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर.

लहान मुलांसाठी आपल्या कपाटात 'तोत्तोचान' आहे. जपानमधल्या एका खोडकर मुलीची ती खरी गोष्ट. तिला पहिलीतच एका शाळेने काढून टाकले. मग जी शाळा मिळाली तिचे वर्ग होते आगगाडीच्या जुन्या डब्यांत! आपल्या रूळाकाठच्या पोरांना याची केवढी मौज वाटली. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी मुलांच्या डब्यात काहीतरी समुद्रातले आणि काहीतरी डोंगरावरचे असावे, असे आयांना सांगत. म्हणजे चौरस आहार झाला. ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. माझ्या धाकट्या नातवाने ते वाचून विचारले, "आजी, शाळेवर बॉम्ब का टाकला?" मला उत्तर देता आले नाही. पण लढाई म्हणजे नुसता जयजयकार नव्हे, तीत कुणाची तरी शाळा जळते, हे त्याला आठव्या वर्षी कळले. इतिहासाच्या धड्यातल्या सनावळीतून त्याला ते कळले नसते.

बाहेरचे वाचून नेहमी आपलेच कमी दिसते असेही नाही. स्वित्झर्लंड हा केवढा सुधारलेला देश. पण तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला १९७१ मध्ये! आपल्या घटनेने तो १९५० मध्येच दिला, आणि पहिल्या निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्या आपल्या आज्यांनी मत दिले. हे वाचल्यापासून मतदानाच्या दिवशी मी आधी केंद्रावर जाते आणि मग चूल पेटवते.

माझी नात म्हणते, "आजी, हे सगळं मोबाइलवर आहे." असेल. मी मोबाइलची वैरी नाही. लेकीचे तोंड मी त्यावरच पाहते. पण मोबाइल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मला प्रश्नच ठाऊक नव्हता. केडगावच्या बाईंनी अमेरिकेवर काय लिहिले, हे मी जन्मात विचारले नसते. ते पुस्तक हाताला लागले म्हणून कळले.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. मान्य व्हाव्यात अशी विनंती आहे.

पहिली अशी. दर महिन्याच्या हळदीकुंकवाच्या किंवा भिशीच्या बैठकीत एकीने एका देशाची माहिती दहा मिनिटे सांगावी. तिथे काय पिकते, काय खातात, पाणी कोण भरते, मुली कधीपासून शिकू लागल्या, आणि तिथे कुणावर अन्याय झाला. शेवटचा प्रश्न गाळू नये. रमाबाईंनीही गाळला नव्हता. जिला वाचता येत नाही तिने सुनेकडून किंवा नातवाकडून वाचून घ्यावे आणि आपल्या शब्दांत सांगावे. समाजमंदिराच्या भिंतीवर शाळेतला जगाचा मोठा नकाशा लावावा, म्हणजे देश कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येईल.

दुसरी अशी. वर्षातून एकदा आपण सगळ्याजणींनी मिळून केडगावला जावे आणि रमाबाईंचे काम पाहून यावे. तिकिटाचा खर्च फारसा नाही, एकच स्टेशन आहे.

तिसरी सूचना कपाटाच्या कुलपाची. गेल्या वर्षी दोन पुस्तके हरवली, म्हणून आपण कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खजिनदारबाईंकडे दिली. कुलूप लावावे असे ज्यांनी हात वर करून सांगितले त्यांत मीही होते. खजिनदारबाईंचा यात काही दोष नाही; त्यांना शेत आहे, म्हशी आहेत, किल्ली मागायला गेलेली पोर त्यांना घरी सापडत नाही. पण कुलूप लागल्यापासून आठ महिन्यांत वहीवर किती पुस्तकांची नोंद आहे ते मी काल पाहिले. सहा. त्यांतली चार माझी. बहिणींनो, पुस्तक हरवले म्हणजे ते निदान कुणाच्या तरी घरात असते आणि कुणीतरी ते वाचत असते. कुलपात राहिलेले पुस्तक मात्र सर्वांनाच हरवलेले असते. ज्या आईला उद्या लेकीचा निर्णय घ्यायचा आहे, तिला लागणारे पुस्तक त्यातच असेल. तेव्हा कुलूप काढावे, वही दोरीने कपाटाला बांधावी आणि जिने न्यायचे तिने स्वतः लिहून न्यावे. एखादे हरवलेच, तर त्याची किंमत मी भरीन.

माझ्या थोरलीची मुलगी आता सकाळच्या गाडीने पुण्याला कॉलेजात जाते. परतायला अंधार होतो. तिची आई मोटारसायकलवर स्टेशनावर घ्यायला जाते. मध्यंतरी एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते, तेव्हा मीही गेले. गाडी तासभर उशिरा आली. आम्ही दोघी बाकावर बसून होतो. भीती मला वाटत होतीच; ती पुस्तक वाचून जात नाही. पण भीती वाटली तरी बसून वाट पाहता येते, हे मी शिकले आहे.

 मंडळाला उदंड आयुष्य लाभो, आणि कपाट रोज उघडो, एवढे मागून पुरे करते.